एचडब्ल्यूक्लॉक चालवलं की कर्नल ओरडतो: चूक नेमकी कोणाची?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. एआरएम बोर्डवर चालणारा डेटा लॉगर आहे, बोर्ड विकणाऱ्या कंपनीनेच दिलेला लिनक्स ५.१० कर्नल आहे आणि आयटूसी बसवर (चिपांना प्रोसेसरशी जोडणाऱ्या तारा) डीएस३२३१ ही घड्याळाची चिप आहे. त्या घड्याळाची वेळ वाचणारी ‘एचडब्ल्यूक्लॉक -आर’ ही कमांड दिली की सिरियल कन्सोलवर ‘बग: शेड्युलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक’ अशी ओळ येते आणि तिच्याखाली हातभर कॉल ट्रेस, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्याची यादी. त्यानंतर बोर्ड कधी चालत राहतो, कधी हँग होतो आणि प्लग काढावा लागतो. बिझीबॉक्स या छोट्या बोर्डांसाठीच्या आटोपशीर कमांडसंचातलं एचडब्ल्यूक्लॉक वापरलं तर मात्र काहीच होत नाही. म्हणजे बग युटिल-लिनक्समध्ये (नेहमीचं एचडब्ल्यूक्लॉक ज्या पॅकेजमधून येतं ते) आहे, तो कुठे नोंदवायचा, असं तुम्ही विचारताय.

नोंदवू नका. युटिल-लिनक्सची मंडळी तुम्हाला सभ्यपणे परत पाठवतील, कारण चूक त्यांच्याकडे नाही. वापरकर्त्याच्या बाजूचा प्रोग्रॅम कितीही वेडावाकडा वागला तरी कर्नलवर असं ओरडायची वेळ येता कामा नये. विनंती चुकीची असेल तर ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ परत द्यावं, विषय संपला. कर्नलमधून ‘बग’ या शब्दाने सुरू होणारी ओळ आली की दोषी कर्नलमध्येच असतो, आणि बोर्डासोबत आलेल्या कर्नलमध्ये तो बहुतेक वेळा ड्रायव्हरमध्ये, म्हणजे एखाद्या चिपशी बोलणाऱ्या भागात, सापडतो. मी गेली सतरा वर्षं पुण्यात असे बोर्ड पहिल्यांदा उठवायचं काम करतो आणि घड्याळाच्या ड्रायव्हरने मला एकदा चांगलंच रडवलंय. ते पुढे सांगतोच.

(मराठी कीबोर्डवर लिहितोय, त्यामुळे कमांडही देवनागरीत. टर्मिनलवर टाइप करताना त्या रोमन करून घ्या.)

सगळ्यात आधी एक गोष्ट वेगळी काढू. ‘एचडब्ल्यूक्लॉक एरर देतं’ असं म्हणून लोक तीन निरनिराळ्या गोष्टी सांगतात. एक, टर्मिनलवर एचडब्ल्यूक्लॉक स्वतः छापतं ती तक्रार: वेळ वाचता आली नाही, इनव्हॅलिड आर्ग्युमेंट. याचा अर्थ पुष्कळदा इतकाच, की बॅटरी गेली होती किंवा नवी बसवली, त्यामुळे चिपचा ऑसिलेटर मध्ये कधीतरी थांबला होता. चिप तसा झेंडा लावून ठेवते, काही ड्रायव्हर तो बघतात आणि खोटी वेळ देण्यापेक्षा चूक परत देतात. एकदा ‘एचडब्ल्यूक्लॉक -डब्ल्यू’ने वेळ लिहिली की झेंडा पुसला जातो. हा बग नाही, शहाणपणा आहे. दोन, ‘सिलेक्ट टाइम्ड आउट’: काही सेकंद वाट बघून एचडब्ल्यूक्लॉक कंटाळतं. याचा अर्थ यायला हवा होता तो इंटरप्ट, म्हणजे चिपने प्रोसेसरला मारलेली हाक, आलाच नाही. आणि तीन, तुमच्यासारखी केस, जिथे डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत, कर्नल स्वतः ओरडतो. तिन्हींची औषधं वेगळी आहेत. इंटरनेटवर पहिल्याची औषधं भरपूर मिळतात आणि लोक ती तिसऱ्याला लावतात. बॅटरी बदलून तुमचा प्रश्न सुटणार नाही.

आता बिझीबॉक्सचं कोडं. तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोलाची माहिती हीच आहे, फक्त तुम्ही तिचा अर्थ उलटा लावलात.

या घड्याळांत सेकंदाच्या खालचं काही वाचता येत नाही. चिप सांगते १० वाजून १५ मिनिटं ३२ सेकंद. तो बत्तिसावा सेकंद आत्ता लागला की संपत आलाय, ते चिप सांगत नाही. म्हणून युटिल-लिनक्सचं एचडब्ल्यूक्लॉक लगेच वेळ वाचत नाही. ते सेकंद बदलायची वाट बघतं आणि बदलला की त्या क्षणी वाचतं. त्यासाठी ते कर्नलला एक आयऑक्टल पाठवतं, आरटीसी-यूआयई-ऑन. ‘सेकंद बदलला की मला उठव’ अशी ती विनंती. मग सिलेक्टवर (काही घडेपर्यंत थांबवून ठेवणारा कॉल) झोपतं, उठवलं की वेळ वाचतं आणि जाताना यूआयई बंद करतं. ‘-व्ही’ लावून चालवलंत तर ‘वेटिंग फॉर क्लॉक टिक’ ही ओळ दिसेल, ती याच पायरीची.

ही विनंती कर्नलच्या पोटात कशी पुरी होते, ते बघा. पूर्वी ती जशीच्या तशी ड्रायव्हरकडे जायची. मार्च २०११ मध्ये आलेल्या २.६.३८ पासून आरटीसीच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलमधल्या सगळ्या घड्याळ-ड्रायव्हरांच्या सामाईक भागाने, ते काम स्वतःकडे घेतलं. यूआयई मागितलं की गाभा चिपमध्ये पुढच्या सेकंदाचा अलार्म लावतो. तो वाजला की चिपची इंट पिन खाली जाते, प्रोसेसरला इंटरप्ट लागतो, ड्रायव्हरचा हँडलर धावतो आणि झोपलेल्या एचडब्ल्यूक्लॉकला उठवतो. म्हणजे नुसती वेळ विचारायला गेलेला माणूस अलार्म आणि इंटरप्टचा अख्खा रस्ता चालून येतो.

बिझीबॉक्सचं ‘-आर’ यातलं काही करत नाही. डिव्हाइस उघडलं, वेळ वाचली, छापली, घरी गेलं. त्याला अलार्म लागत नाही, इंटरप्टही लागत नाही. दोन प्रोग्रॅमची तुलना करताना तुमच्याकडून नकळत ड्रायव्हरचे दोन रस्ते तपासले गेले: वाचण्याचा रस्ता धड आहे आणि इंटरप्टचा रस्ता मोडलाय. याची खात्री एका कमांडने होईल. ‘कॅट /सिस/क्लास/आरटीसी/आरटीसी०/टाइम’ दहा वेळा चालवा. हाही फक्त वाचण्याचा रस्ता आहे. तो दहाही वेळा गुपचूप चालला तर आयटूसी बस, चिपचा पत्ता, वाचण्याचं फंक्शन या तिन्हींवर फुली मारून टाका. मग ‘एसट्रेस’खाली (प्रोग्रॅम कर्नलकडे काय काय मागतो ते दाखवणारं साधन) एचडब्ल्यूक्लॉक चालवा आणि शेवटची ओळ बघा. यूआयई-ऑनवरच अडकलं तर अलार्म लावताना गडबड आहे. ती पार होऊन सिलेक्टमध्ये असताना कन्सोल ओरडला तर अलार्म वाजल्यानंतरची गडबड आहे. तुमच्याकडे दुसरं आहे, असं माझं म्हणणं आहे, आणि ते मी तुम्ही चिकटवलेल्या एका आकड्यावरून म्हणतोय.

तुमच्या त्या ओळीचा शेवट ‘स्वॅपर/०/०’ आणि मग एक हेक्स आकडा असा आहे. सुरुवातीचा शून्य-एक्स सोडला तर आकडा ०००१०००२. लोक ही ओळ ओलांडून थेट ट्रेसकडे धावतात, पण निम्मं उत्तर इथेच आहे. पहिला शब्द म्हणजे त्या क्षणी सीपीयूवर कोणतं टास्क होतं त्याचं नाव. स्वॅपर म्हणजे सीपीयूला काही काम नसताना चालणारं रिकामटेकडं टास्क. एचडब्ल्यूक्लॉकचं नाव इथे मुळात नाहीच! ते बिचारं सिलेक्टमध्ये झोपलेलं होतं, सीपीयू मोकळा होता आणि तेवढ्यात इंटरप्ट आला. उद्या लॉगरचा दुसरा एखादा प्रोसेस चालू असताना आला, तर ओळीत त्याचं नाव दिसेल आणि तुम्ही त्याच्या मागे लागाल. एचडब्ल्यूक्लॉकचं नाव दिसलं तरी त्याचा अर्थ इतकाच, की घटना घडली तेव्हा ते तिथे उभं होतं. पंचनाम्यातल्या साक्षीदाराला आरोपी करू नये.

मग तो आकडा. याला प्रीएम्प्ट काउंट म्हणतात, आणि तो उजवीकडून वाचायचा. उजवीकडचे दोन अंक सांगतात की प्रीएम्प्शन किती पदरी बंद आहे, म्हणजे बहुतेक वेळा हातात स्पिनलॉक (जे धरून झोपायची परवानगी नाही अशी कुलपं) आहेत का. त्याच्या डावीकडचे दोन अंक सॉफ्ट इंटरप्टचे. त्याच्याही डावीकडचा, म्हणजे उजवीकडून पाचवा, हार्ड इंटरप्टचा, म्हणजे थेट हार्डवेअरच्या हाकेचा. तुमच्या आकड्यात पाचव्या जागी १ आहे. याचा अर्थ कोणीतरी हार्ड इंटरप्टच्या हँडलरमध्ये असताना झोपायला गेलं. उजवीकडचा ०२ स्वॅपरच्या बाबतीत नेहमीचाच, त्यावर वेळ घालवू नका. आकडा नुसता ०००००००२ असता आणि नाव एचडब्ल्यूक्लॉक असतं, तर मी वेगळा संशय घेतला असता: वाचण्याच्या किंवा अलार्म लावण्याच्या फंक्शनमध्ये कोणीतरी स्पिनलॉक धरून आयटूसीला हात घातलाय. बोर्डवाल्यांच्या ड्रायव्हरमध्ये तेही सापडतं.

झोपायला गेलं म्हणजे काय? आयटूसी ही संथ बस आहे, नेहमीच्या वेगाला सेकंदाला १ लाख बिट. एक रजिस्टर वाचायचं तर कंट्रोलरला काम सांगायचं आणि ते होईपर्यंत वाट बघायची. कर्नलमध्ये वाट बघणं म्हणजे सीपीयू सोडून झोपणं. प्रोसेसच्या वतीने काम चालू असेल तर त्यात काही वावगं नाही. हार्ड इंटरप्टमध्ये मात्र झोपायला जागाच नाही, कारण तिथे शेड्युलरने ज्याला बाजूला ठेवावं असं टास्कच हँडलरच्या मालकीचं नसतं. तो दुसऱ्याच्या खांद्यावर बसलेला असतो. तिथून झोपलात तर तो ज्याच्या खांद्यावर आहे तो झोपतो. कधी बोर्ड चालत राहतो आणि कधी हँग होतो, त्याचंही कारण हेच: इंटरप्ट कोणाच्या अंगावर येऊन पडला आणि त्याच्याकडे त्या वेळी कोणते लॉक होते, यावर सगळं अवलंबून.

आता ट्रेस खालून वर वाचा. खाली सीपीयू निवांत बसल्याची फंक्शनं असतील. त्यावर इंटरप्ट आत येतो ती ओळ, मग ‘हँडल आयआरक्यू’ कुळातली दोन-तीन फंक्शनं, आणि त्यांच्या लगेच वर ड्रायव्हरच्या हँडलरचं नाव. ही ओळ लाल पेनाने गोल करा. तिच्यावर आयटूसीची वाचण्याची फंक्शनं, मग वाट बघण्याची, आणि टोकाला शेड्यूल. गोल केलेली ओळ आणि तिच्या वरची ओळ, या दोघींमध्ये बग आहे. कर्नल डीबग माहितीसकट बांधला असेल तर स्रोतातली ‘डीकोड_स्टॅकट्रेस’ ही स्क्रिप्ट थेट फाइल आणि ओळ क्रमांक सांगते. शिवाय ट्रेसच्या वरच्या भागात ‘टेंटेड’ शब्द आहे का बघा. त्यापुढे ‘ओ’ हे अक्षर असेल तर मुख्य कर्नलच्या बाहेरून आणलेला मॉड्यूल लोड झालेला आहे. ‘डब्ल्यू’ किंवा ‘डी’ असेल तर याआधीच काहीतरी बिनसलं होतं. अशा वेळी आधीचा, अगदी पहिला संदेश शोधा. पहिल्या अपघातानंतरच्या ट्रेसवर मी सहसा विश्वास ठेवत नाही.

बोर्ड हँग झाल्यावर लॉग डिस्कवर पोचत नाही, हे तुम्हाला कळलंच असेल. सिरियल कन्सोल आहे तर त्याचा वेगळा लॉग दुसऱ्या मशीनवर पकडून ठेवा आणि ‘डीमेसेज -एन ८’ने सगळ्या पातळ्यांचे संदेश कन्सोलवर येऊ द्या. चाचणीसाठी कर्नल परत बांधता येत असेल तर ‘डीबग_अ‍ॅटॉमिक_स्लीप’ चालू करा. मग प्रत्यक्ष झोपेपर्यंत थांबावं लागत नाही. झोपू शकणाऱ्या फंक्शनला नको त्या जागेवरून नुसता हात लावला तरी कर्नल बोंब मारतो. आज दहातून सातदा दिसणारी चूक त्याने दहाही वेळा दिसेल.

माझ्यापुरतं बोलायचं तर मी ड्रायव्हर उघडल्यावर आधी एकच गोष्ट शोधतो: इंटरप्ट कसा मागितलाय. तुमच्या बोर्डवाल्यांनी साधा ‘रिक्वेस्ट_आयआरक्यू’ वापरून त्याच हँडलरमध्ये आयटूसी वाचलं असेल, असा माझा अंदाज आहे. आयटूसी चिपसाठी हवा असतो ‘रिक्वेस्ट_थ्रेडेड_आयआरक्यू’. थ्रेडेड इंटरप्ट कर्नलमध्ये २००९ साली, २.६.३० बरोबर आले. त्यात हँडलर स्वतःच्या थ्रेडमध्ये धावतो, त्यामुळे त्याला झोपायची मुभा असते. पहिल्या हँडलरच्या जागी नल, दुसऱ्या जागी तुमचं फंक्शन, आणि झेंड्यांमध्ये ‘वनशॉट’. वनशॉटमुळे थ्रेडचं काम संपेपर्यंत ती इंटरप्ट लाइन झाकलेली राहते. पहिला हँडलर नल असताना वनशॉट विसरलात तर कर्नल विनंतीच नाकारतो, म्हणजे ते विसरायची सोय नाही.

पण ड्रायव्हर दुरुस्त करण्याआधी एक विचार करा: तो तुम्हाला हवाच कशाला? मुख्य कर्नलमध्ये डीएस३२३१ चा चांगला ड्रायव्हर वर्षानुवर्षं आहे. फक्त त्याचं नाव ‘आरटीसी-डीएस१३०७’. एकाच ड्रायव्हरमध्ये या कुळातल्या पुष्कळ चिपा सांभाळल्यात. लोक स्रोतात ‘डीएस३२३१’ नावाची फाइल शोधतात, सापडत नाही, ‘डीएस३२३२’ची सापडते ती भलत्याच ड्रायव्हरची, आणि मग कोणीतरी कुठून तरी उचललेली जुनी फाइल बोर्डात घालून मोकळं होतं. तुमच्या बोर्डवाल्यांच्या कर्नलमध्ये वेगळा ड्रायव्हर यायचं कारण हेच असू शकतं. मुख्य ड्रायव्हर थ्रेडेड इंटरप्टच वापरतो. तेव्हा कॉन्फिगमध्ये तो चालू करा, दुसरा बंद करा, डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डवर काय कुठे जोडलंय ते कर्नलला सांगणारी फाइल) ‘कम्पॅटिबल’ला ‘मॅक्सिम,डीएस३२३१’ आहे ना आणि पत्ता हेक्स ६८ आहे ना ते बघा. शंभरातल्या बऱ्याच वेळा काम इथेच संपतं.

न संपणाऱ्या वेळांपैकी एक माझी. सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात वजनकाट्याशेजारच्या पेटीत आमचे लॉगर होते. ड्रायव्हर मी लिहिलेला, हँडलर थ्रेडमध्येच. सुरू होताना स्क्रिप्ट ‘एचडब्ल्यूक्लॉक -एस’ चालवायची. तक्रार आली की लॉगर सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं मुंगीच्या पावलाने चालतो आणि तारीखही चुकीची दाखवतो. तारीख चुकीची म्हटल्यावर माझ्या डोक्यात बॅटरीच आली. दोन फेऱ्या मारून सगळे सीआर२०३२ सेल बदलले. गाडीभाडं कंपनीचं, लाज माझी. तिसऱ्या फेरीत सुरू होतानाच कन्सोल लावून बसलो. ‘टॉप’मध्ये घड्याळाच्या इंटरप्टचा थ्रेड सगळ्यात वर, सीपीयू खात बसलेला. थोड्या वेळाने डीमेसेजमध्ये ‘नोबडी केअर्ड’ आणि त्याखाली ‘डिसेबलिंग आयआरक्यू’. मग एकदम सगळं सुरळीत. एचडब्ल्यूक्लॉक परत चालवलं तर टाइम्ड आउट.

मल्टिमीटर इंट पिनवर धरला: ०.०२ व्होल्ट, आणि हलेना. ती पिन सेकंदाला एकदा खाली जाऊन वर यायला हवी होती. मग ‘आयटूसीगेट’ने हेक्स ०एफ हे स्टेटस रजिस्टर वाचलं तर ०९ आलं. त्यातला ८ म्हणजे ३२ किलोहर्ट्झच्या आउटपुटचा बिट, तो असायचाच. १ म्हणजे पहिल्या अलार्मचा झेंडा. डीएस३२३१ मध्ये हा झेंडा सॉफ्टवेअरने पुसेपर्यंत चिप इंट पिन सोडत नाही. आणि माझा हँडलर पहिल्याऐवजी दुसऱ्या अलार्मचा बिट तपासत होता. एका बिटाची चूक. तो बिट शून्य, म्हणून ‘हा इंटरप्ट माझा नाही’ असं सांगून हँडलर परत जायचा, पिन अजून खालीच, की लगेच पुढचा इंटरप्ट. १ लाख इंटरप्टपैकी ९९,९०० पेक्षा जास्त कोणीच स्वीकारले नाहीत की कर्नल ती लाइन बंद करतो. ‘नोबडी केअर्ड’ म्हणजे तेच. लाइन बंद झाल्यावर बोर्ड मोकळा, पण एचडब्ल्यूक्लॉकला उठवायला कोणी उरलं नाही.

हे सांगायचं कारण असं, की तुम्ही आज थ्रेडेड हँडलर लावाल, ‘शेड्युलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक’ जाईल आणि त्याच्या मागे लपलेला हा भाऊ बाहेर येईल. म्हणून दुरुस्तीनंतर ०एफ वाचाच. ड्रायव्हर चिपला चिकटलेला असताना आयटूसीगेट ‘बिझी’ म्हणेल, तेव्हा ‘-एफ’ने जबरदस्ती करावी लागते. वाचायला चालेल, पण त्याच झोकात काही लिहू नका. आलेला आकडा असा वाचा: ०८ म्हणजे सगळं ठीक, ०९ म्हणजे अलार्मचा झेंडा पुसला गेला नाही, ८८ म्हणजे ऑसिलेटर थांबून गेला होता, वेळ परत लिहा.

आता कशावर काय अवलंबून आहे ते बोलू, कारण तुम्ही काही गोष्टी लिहिलेल्या नाहीत.

इंट पिन प्रोसेसरपर्यंत खरंच जोडलेली आहे का? सर्किट आकृती मागवा आणि बघा. ही पिन ओपन-ड्रेन असते, म्हणजे ती फक्त खाली ओढू शकते. वर ठेवायला पुल-अप रेझिस्टर लागतो. तो नसेल तर लाइन तरंगत राहते आणि विजेच्या कुठल्याही गोंगाटाला इंटरप्ट समजते. डिव्हाइस ट्रीमध्ये इंटरप्टचा प्रकार ‘लो लेव्हल’ असायला हवा. तिथे चुकून ‘हाय’ लिहिलेलं मी दोनदा पाहिलंय, आणि तसं असेल तर चिप शांत असताना इंटरप्टचा पाऊस पडतो.

अलार्मची तुम्हाला गरज आहे का? लॉगर झोपवून ठरावीक वेळी घड्याळाने उठवायचा असेल तर हा रस्ता दुरुस्त करण्याला पर्याय नाही. नसेल, तर डिव्हाइस ट्रीमधल्या त्या नोडमधून इंटरप्टची ओळच काढून टाका. मुख्य ड्रायव्हर मग अलार्म नाही असं सांगतो, यूआयईची विनंती नाकारली जाते, आणि युटिल-लिनक्सचं एचडब्ल्यूक्लॉक मुकाट्याने दुसरी पद्धत वापरतं: सेकंद बदलेपर्यंत वेळ पुन्हा पुन्हा वाचत बसायचं. डीएस१३०७ ला मुळातच अलार्म नाही, तिथे हे असंच चालतं आणि कोणाचं काही अडत नाही. बोर्डवाल्यांचाच ड्रायव्हर ठेवलात तर तो इंटरप्टशिवाय नीट वागेल का, हे मात्र चालवूनच कळेल.

ड्रायव्हरचा स्रोत तुमच्याकडे आहे का? नसेल तर मागा. कर्नल जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे. बोर्डाबरोबर कर्नल दिलाय तर त्याचा स्रोत मागायचा तुम्हाला हक्क आहे, उपकार नाहीत.

आणि एक मोह टाळा. ‘बिझीबॉक्सचं चालतंय ना, मग तेच ठेवू’ असं तुमचा मॅनेजर म्हणेल, शुक्रवारी संध्याकाळी तर नक्कीच. डिलिव्हरी आजच असेल तर आजचा दिवस ठेवा. पण तो रस्ता फक्त एचडब्ल्यूक्लॉकच चालतं असं नाही. उद्या कोणी क्रोनीच्या (वेळ जुळवून ठेवणारा प्रोग्रॅम) कॉन्फिगमध्ये ‘आरटीसीफाइल’ची ओळ घातली तर क्रोनीही यूआयईच मागतो, आणि ‘आरटीसीवेक’चा तर धंदाच अलार्मचा. मग तुमचा लॉगर कुठल्यातरी शेताच्या कडेला रात्री दोनला हँग होईल आणि त्या वेळी एचडब्ल्यूक्लॉकचं नाव कोणाला आठवणारही नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाची तक्रार साध्या पीसीवर असेल तर वरचं आयटूसीचं पुराण त्यांना लागू नाही. तिथलं घड्याळ मोटोरोलाच्या एमसी१४६८१८ च्या वंशातलं, हेक्स ७० आणि ७१ या पोर्टांवर बोलणारं, आणि त्याचा इंटरप्ट ८ नंबरचा. तिथे एचडब्ल्यूक्लॉक टाइम्ड आउट म्हणालं तर /प्रॉक/इंटरप्ट्समध्ये ८ नंबरच्या ओळीतला आकडा वाढतो का बघा. वाढत नसेल तर संशय एचपीईटीवर (पीसीतला आणखी एक टायमर) घ्या, कारण पुष्कळ मशीनवर ८ नंबर तो बळकावतो आणि कर्नल घड्याळाच्या इंटरप्टची नक्कल करतो. ‘एचपीईटी=डिसेबल’ देऊन एकदा बूट केलं की लगेच कळतं. ‘--डायरेक्टआयएसए’ हा पर्याय कर्नलच्या ड्रायव्हरला वळसा घालून थेट पोर्टांशी बोलतो. त्याने वेळ नीट आली तर घड्याळ ठीक आहे, गडबड मधल्या थरात आहे.

तुमच्याकडून मला पुढच्या वेळी तीन गोष्टी हव्यात: बूट झाल्यापासूनचा अख्खा डीमेसेज (फक्त ट्रेस नको), डिव्हाइस ट्रीमधला घड्याळाचा नोड, आणि ड्रायव्हरमध्ये इंटरप्ट मागितलाय त्या दहा ओळी.

दुरुस्ती झाली असं वाटलं की एकदा चालवून समाधान मानू नका. /प्रॉक/इंटरप्ट्समधला घड्याळाचा आकडा टिपून घ्या, एचडब्ल्यूक्लॉक लूपमध्ये २०० वेळा चालवा आणि आकडा परत बघा. प्रत्येक फेरीला साधारण सेकंदभर लागेल, म्हणजे चहा पिऊन यायला वेळ मिळतो. आकडा दोनशेच्या आसपास वाढलेला हवा. हजारांनी वाढला तर झेंडा पुसला जात नाहीये. अजिबात वाढला नाही आणि तरी एचडब्ल्यूक्लॉक खुशीत चाललं, तर ते वाट बघण्याच्या दुसऱ्या पद्धतीवर गेलंय, म्हणजे तुमचा इंटरप्ट अजून जोडलेलाच नाही.